पुसायचंच होतं, तर काढलं कशाला?

सध्या ‘मंडला आर्ट’चं भारी पेव फुटलंय. चहाच्या मगवर मंडल, पलंगपोसावर मंडल, भिंतीवरच्या घड्याळात मंडल. आमच्या तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातसुद्धा मंडलाची रंगवायची वही मिळते. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात इथल्या एका शाळेतून निरोप आला, तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. “सहावी-सातवीच्या मुलांना बौद्ध धर्म शिकवायचाय. नुसता धडा वाचून मुलं कंटाळतात. तुमचा रांगोळीत हात आहे, चार शनिवार येऊन मंडल काढून घ्याल का?”

मी लगेच हो म्हटलं. बी.ए.ला इतिहास होता, बचत गटामुळे चारचौघांत बोलायची सवय झालेली. घरी बसून फोनवर तिबेटी भिक्खूंच्या वाळूच्या मंडलाचे व्हिडिओ पाहिले. आधी खडूच्या दोऱ्याने रेघा मारायच्या, मग मधोमध सुरुवात करून बाहेर बाहेर जायचं. रंगीत वाळू हाताने नाही सोडत, चाकपूर नावाच्या धातूच्या निमुळत्या नळीतून सोडतात. नळीवर दुसऱ्या कांडीने घासलं की वाळू बारीक धारेने पडते. एकेका मंडलाला कित्येक दिवस लागतात. कालचक्र मंडलात तर ७२२ देवता असतात म्हणे! आणि एवढं सगळं झालं की ते झाडून एकत्र करतात. थोडी वाळू जमलेल्यांना वाटतात, उरलेली वाहत्या पाण्यात सोडतात.

पहिला शनिवार छान गेला. मंडल म्हणजे वरून पाहिलेला वाडा, चार दिशांना चार दरवाजे, हे सांगितल्यावर मुलांनी कंपासपेट्या उघडल्या. वर्तुळ, व्यास, चौकोन... गणिताच्या तासाला कुरकुरणारी मुलं मान खाली घालून काटकोन तपासत होती. दर थंडीत नागपुरात स्वेटर विकणारे तिबेटी लोक इथल्या मुलांना ठाऊक आहेत. त्यातले काही आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ राहतात, १९७२ पासून तिथे त्यांची वसाहत आहे, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मी खुशीत होते.

दुसऱ्या शनिवारी मी ‘बौद्ध धर्म’ असा शब्द उच्चारला आणि वर्गातल्या काही माना वळल्या. चार मुलांकडे. तुम्हीही छोट्या गावात राहता, माना का वळल्या ते मी सांगायला नको. बुद्धाचं नाव निघालं की आपल्याकडे पहिल्यांदा जातच आठवते. त्या चौघांतली एक मुलगी खाली पाहत म्हणाली, “काकू, आमच्या विहारात असं काही नसतं.”

मला काही उत्तर सुचेना. खरंच नसतं. देवतांचं मंडल ही वज्रयान पंथातली, मुख्यतः तिबेटकडची परंपरा. आपल्याकडचे बौद्ध म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर ज्यांनी दीक्षा घेतली, ते आणि त्यांची मुलं-नातवंडं. त्यांच्या विहारात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, त्रिशरण-पंचशील. मी तिबेटपर्यंत जाऊन आले होते, पण माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडच्या विहारात वीस वर्षांत एकदाही पाय ठेवला नव्हता. बचत गटातल्या निम्म्या बायका तिथल्या. त्या माझ्या घरी येतात. मी मात्र गेले नाही.

मला वाटतं, मंडल शाळांना आवडतं ते यासाठीच. ते देखणं आहे, दुरून आलेलं आहे, त्यात कुणाला काही टोचत नाही. बुद्ध शिकवल्याचं समाधानही मिळतं आणि शेजारच्या बाकावरच्या बौद्ध मुलाविषयी बोलावं लागत नाही. म्हणून मंडल शिकवूच नये का? तसं मी म्हणणार नाही. पण त्याची वाट आपल्या घराजवळून जायला हवी.

आणि ती जाते, बरं का! वेरूळला शाळेच्या सहली जातात, कैलास लेणं पाहून परततात. तिथेच बारा नंबरचं तीन मजली बौद्ध लेणं आहे, ‘तीन ताल’ म्हणतात त्याला. त्याच्या भिंतीत नऊ घरांची चौकट कोरलेली आहे, मधल्या घरात बुद्ध आणि भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. म्हणजे दगडातलं मंडलच! तिसऱ्या शनिवारी मी मुलांकडून तीच नऊ घरांची चौकट काढून घेतली. काढायला सोपी, ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. रंगांचा विषय निघाला तेव्हा त्याच मुलीने पंचशील ध्वजाचे रंग सांगितले, निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. हा झेंडा १८८५ साली श्रीलंकेत पहिल्यांदा फडकला. तिबेटी मंडलात केशरीच्या जागी हिरवा दिसतो. कोणता घ्यायचा यावर मुलांचं चांगलं दहा मिनिटं भांडण झालं. शेवटी दोन्ही घेतले.

शेवटच्या शनिवारी व्हरांड्यात मोठं मंडल काढलं. वाळू कुठली, आपली शिरगोळ्याची रांगोळी. चाकपूर नव्हतं, चिमटी होती. त्या मुलीच्या आजीलाही मी बोलावलं होतं. आजी १९५६ ला सहा-सात वर्षांच्या. वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेल्या होत्या, आईने पांढरं लुगडं नेसलेलं त्यांना आठवतं. मुलं रांगोळीचे हात तसेच ठेवून ऐकत होती. आजींनी मग त्यांनाच विचारलं, पंचशील सांगा पाहू. पुस्तकातलं पाठ असलेला एक मुलगा उठला. हिंसा नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं नको... आणि अडला. “पाचवं राहिलंच की! दारूचं,” आजी म्हणाल्या, “माणसाइलेबी तेच आठवत नाही.” शिक्षक मंडळी खिडकीबाहेर बघायला लागली.

मग पुसायची वेळ आली आणि गोंधळ उडाला. मुख्याध्यापक म्हणाले, सोमवारी साहेब येणार आहेत, तोपर्यंत राहू द्या. एक आई मुलाला न्यायला आली होती, ती म्हणाली, दोन तास राबलीत लेकरं, निदान बक्षीस तरी काढा. आजीसुद्धा म्हणाल्या, “पुसाचंच होतं त काढलं कायले, बाई?”

मीही क्षणभर डळमळले. राहू दिलं असतं तर सगळे खूश झाले असते. पण मग ती रांगोळी स्पर्धा झाली असती. अनिच्च, म्हणजे काहीच कायम राहत नाही, हा शब्द मी मुलांना फळ्यावर लिहून दिला होता. तो फळ्यावरच राहिला असता. मी मुख्याध्यापकांना फोटो काढून घ्या म्हटलं आणि कुंचा हातात घेतला. कडेकडून मध्याकडे झाडायला लागलो. एका कोपऱ्यातलं कमळ काढलेला मुलगा रडायला लागला, “माझं नका पुसू.” दुःखाचं मूळ तृष्णा, हे आर्यसत्य त्या दिवशी मला वेगळं समजावावं लागलं नाही. त्याला तसंच बसू दिलं. थोड्या वेळाने तो आपणच उठला आणि शेवटचा कोपरा त्याने स्वतः झाडला.

तसं पाहिलं तर आपण बायका रोज हेच करतो. दारातली रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडूनच नवी काढतो. पण कधी थांबून पाहत नाही. असो.

थोडी थोडी पूड कागदाच्या पुड्यांत बांधून मुलांना दिली. उरलेली नदीत सोडली नाही. बाजारच्या रांगोळीतले रंग रासायनिक असतात, ते पाण्यात कशाला? डब्यात भरून ठेवली. आजींनी पुडी घेतली, पण त्यांना माझं पुसणं पटलं असं काही वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या विहारात गेले, तेव्हा त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

यंदा शाळेची सहल वेरूळ-अजिंठ्याला जाणार आहे. बारा नंबरसाठी अर्धा तास मी मागून ठेवलाय. मुख्याध्यापक म्हणतात, बसचं वेळापत्रक बघून सांगतो.