कासऱ्याच्या टोकाला

आमची हिरी आता दहा महिन्यांची झाली. लातूर जिल्ह्यातल्या जानवळची, कारवानी जातीची कुत्री. आणताना पिल्लाचे आठ आठवडे भरलेत ना, हे मी विचारून घेतलं होतं. त्याआधी पिल्लू विकायचं नाही, असा २०१७ चा नियम आहे. पुढे तिला शिकवायचं कोणी, हा प्रश्न राहिला.

आमच्या शिरड शहापुरात ट्रेनर नाही. शहरातला एक जण भेटला. ‘महिनाभर माझ्याकडे सोडा, तयार करून देतो,’ म्हणाला. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. त्याने सहज हात वर केला आणि हिरी उभ्या जागी मुतली. गळ्यात आवळती साखळी होती. त्याच पावली तिला घरी आणलं. ते अजून मनातून जात नाही.

ट्रेनर म्हणवून घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही. म्हणून सांगतो, बोलण्यावर आणि मोबाईलमधल्या व्हिडिओवर जाऊ नका. तो आल्यावर त्याच्याकडची कुत्री शेपूट हलवत धावतात की पोटाखाली घालतात, ते बघा. आणि ‘तुम्ही समोर थांबू नका’ म्हणणाऱ्याकडे जनावर सोडूच नका.

दुसरे गृहस्थ पोलिसांच्या श्वान पथकातून निवृत्त झालेले. पथकात कुत्रं आणि त्याला सांभाळणारा जवान सोबतच शिकतात. त्यांनी आल्या आल्या विचारलं, ‘हिला भाकर कोण टाकतं?’ आई म्हणाली, मी. त्यांनी पट्टा तिच्याच हातात दिला. मग कळलं, आई ‘बैस’ म्हणते, पोरगा ‘सिट’ आणि मी ‘खाली’. तिने ऐकायचं कोणाचं? त्या दिवसापासून घरात एकच शब्द.

‘बैस’सुद्धा या जातीला सोपं नाही. लांब पाय, अंगावर चरबी नाही, थंड फरशीवर तिची हाडं टेकतात. आम्ही पोतं अंथरलं, आणि बसण्याआधी ‘थांब’ शिकवलं. दारासमोर औंढा-वसमत रस्ता, तिथे थांबणं जास्त गरजेचं. डोकं मानेपेक्षा निमुळतं असल्यामुळे साधा पट्टा सटकतो; तिच्यासाठी चामड्याचा रुंद पट्टा शिवून घेतला. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, हातात उकडलेल्या अंड्याचा तुकडा. ती कंटाळण्याआधी थांबायचं.

‘शिकारी कुत्रं कुठं ऐकतंय’ असं गावात म्हणतात. मला ते पटत नाही. हिच्याच वंशातली मुधोळची पिल्लं सैन्याने २०१६ मध्ये प्रशिक्षणासाठी मेरठला नेली होती. हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यावर चालतं, एवढंच. लांब काही हललं की त्याचे कान बंद होतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी त्याला त्यासाठीच वाढवलं. आता सशामागे कुत्रं सोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि ते बरंच आहे. पण हिरीच्या डोळ्यांना ते कोण सांगणार? म्हणून ‘ये’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा.

इथे माझं चुकत होतं, ते एका मेंढपाळ मामांनी दाखवलं. बांधावर मेंढरं बसवली होती, मी हिरीला हाका मारत होतो, ती लांबूनच बघत होती. मामा म्हणाले, ‘दादा, बोलावून बांधलं की कुत्रं येत नसतंय.’ खरंच होतं. हाक मारायची, आली की साखळी अडकवायची; असं मी महिनाभर केलं होतं. मग बैलाचा जुना कासरा काढला, त्याला दुसरा जोडला, तिच्या पट्ट्याला बांधला. बोलवायचं, अंडं द्यायचं, परत मोकळं सोडायचं. दिवसात वीस वेळा.

परवा संध्याकाळी हळदीच्या वाफ्यातून ससा उठला. हिरीचं अंग धनुष्यासारखं ताणलं. दोन उड्या गेल्या. आईने बांधावरून एकदाच ‘ये’ म्हटलं. हिरीने वाफ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि वळली. कासरा तेव्हा सैलच होता. आईने अख्खं अंडं तिच्यापुढे धरलं आणि तिला बांधलं नाही.