पहाटेचा तो चमचा

संपादक महोदय,


तान्ह्या बाळाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी निघाली की पहिली झाडाझडती होते ती आईच्या ताटाची. गरोदरपणी काय खाल्लं, बाळंतपणात काय खाल्लं, माहेरी कुणाला दमा होता का. आपल्या मागील अंकातील बालआहारावरचा लेखही आनुवंशिकतेपाशीच थांबला. आनुवंशिकता खरीच आहे. आईवडिलांपैकी कुणाला दमा, इसब असेल तर बाळाचा धोका वाढतो. पण ते कुणाच्या हातात नाही. जे हातात आहे ते प्रसूतिगृहातल्या पहिल्या तीन दिवसांत घडतं, आणि त्याची विचारपूस होत नाही.

पहाटेचे तीन. सिझरिन झालेल्या बाईचे टाके ठणकताहेत, कूस बदलता येत नाही. बाळ रडून लालबुंद. आजी सिस्टरच्या मागे लागते, “हिला अजून पान्हाच फुटला नाही, वरचं काहीतरी द्या हो.” सिस्टर कोमट पाण्यात पावडर कालवते, स्टीलच्या वाटीतून चमचा-चमचा पाजते. बाळ झोपतं, वॉर्ड झोपतो. चौथ्या दिवशी कार्डावर लिहिलं जातं, ‘फक्त स्तनपान’. खोटं बोलायचा कुणाचाच हेतू नसतो. त्या चमच्यांना कुणी आहार समजतच नाही. मग सहाव्या महिन्यात वरचं दूध सुरू होतं, बाळाच्या ओठांभोवती गांधी उठतात, आणि आजी म्हणते, “पण याने तर कधी दूध चाखलंच नव्हतं!”

चाखलं होतं.

डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या रुग्णालयात १९८५ साली जन्मलेल्या १,७४९ बाळांवर डॉक्टरांनी वर्षभर लक्ष ठेवलं. ३९ जणांना गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी निघाली. त्यातली नऊ बाळं केवळ आईच्या दुधावरची, निदान तसा समज होता. नवजात कक्षाची दप्तरं काढली तेव्हा उलगडा झाला. नऊच्या नऊ जणांना पहिल्या तीन दिवसांत पावडरचं दूध पाजलेलं होतं. त्यातून पोटात गेलेलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, म्हणजे माणसाच्या दुधात नसलेलं गाईच्या दुधातलं प्रथिन, सुमारे ०.४ ते ३ ग्रॅम. १९८८ साली हे छापून आलं.

नऊ बाळांवरून निष्कर्ष काढायचा का, ही शंका रास्त आहे. पण पुढे टोकियोत धोक्याच्या गटातल्या ३१२ नवजात बाळांवर चाचणी झाली. एका गटाला पहिल्या दिवसापासून आईच्या दुधाबरोबर रोज थोडं पावडरचं दूध. दुसऱ्याला किमान पहिले तीन दिवस ते वर्ज्य, गरज पडलीच तर अमिनो आम्लांचं खास दूध. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वाढदिवशी दुधाविरुद्धची संवेदनशीलता पहिल्या गटात ३२.२ टक्के, तर दुसऱ्यात १६.८ टक्के.

आता कुणी पावडरच्या डब्यावर दात-ओठ खाऊ लागेल, तर त्याने ओकिनावाकडेही बघावं. तिथल्या चाचणीत एक ते दोन महिने वयाच्या बाळांना रोज किमान दहा मिली पावडरचं दूध दिलं गेलं. तुलनेच्या गटाला ते टाळायला सांगितलं. सहा महिन्यांच्या वयात अ‍ॅलर्जी आढळली ती पाजलेल्यांत ०.८ टक्के, टाळलेल्यांत ६.८ टक्के! म्हणजे दोष नुसत्या दुधात नाही. जन्मताच चाटवायचं आणि मग महिनोन्‌महिने बंद ठेवायचं, ही धरसोड बाळाच्या शरीराला मानवत नसावी. (म्हणून कुणी घरच्या घरी दहा मिलीचा प्रयोग मात्र करू नये.) युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांची शिफारस मोजकीच आहे: पहिल्या आठवड्यात नेहमीचं पावडरचं दूध शक्यतो टाळा.

पहिल्या दिवशी चीक जेमतेम काही चमचे येतो आणि निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला बहुधा तेवढाच पुरतो, हे आजीला कुणी समजावून सांगत नाही. बाळाची साखर उतरली, ते अपुऱ्या दिवसांचं असलं, तर वरचं द्यावंच लागतं. त्यासाठी मातृदुग्धपेढ्याही आहेत. मुंबईच्या सायन रुग्णालयातली तर १९८९ पासून चालू आहे. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात आणि फुकट नमुने बंद केले. पण पहाटे तीनच्या त्या वाटीला जाहिरात लागतच नाही.

मागणी साधी आहे. सलाइनची प्रत्येक बाटली केसपेपरवर चढते, तसा हा चमचाही चढावा: किती मिली, किती वाजता, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून. तीच ओळ लसीकरणाच्या कार्डावर उतरवून आईच्या हाती द्यावी. सहा महिन्यांनी गांधी उठलेलं बाळ समोर आलं, तर बालरोगतज्ज्ञाला आईची उलटतपासणी घेण्याआधी तेवढी ओळ वाचता येईल.

आपला,
एक वाचक