समासातील कोरी जागा

तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ ऑगस्ट २०११ च्या निकालाने निर्विवाद ठरले. हक्क मोलाचा खरा. पण पाहून त्याला दिसते काय? आकडे, दोनचार रेघा आणि कोरा समास. वार्षिक परीक्षेपुरते हे समजण्यासारखे आहे. तेथे तपासणी निवाड्यासाठीच असते. वर्षभर लिहून घेतल्या जाणाऱ्या निबंधांचीही तीच गत व्हावी, हे मात्र खचितच चिंताजनक होय.

जेथे शेरा असतो, तेथे तरी तो कसा असतो? 'भाषा सुधारा', 'मुद्दे अपुरे'. कोणते मुद्दे, याचा पत्ता नाही! समजा, रोजगार हमी योजनेवरील निबंधात 'दुष्काळ पडला म्हणून कायदा झाला' असे एका वाक्यात उरकले आहे. त्यावर 'अपुरे' असे लिहिणे सोपे. त्याऐवजी 'योजना १९७२ च्या दुष्काळातील, कायदा १९७७ चा. दुष्काळ ओसरल्यावरही ती का टिकली, ते येथे हवे' असे लिहिले, तर ग्रंथालयात जाऊन काय शोधावयाचे ते विद्यार्थ्याला कळते. जे साधले आहे त्याचीही नोंद हवी. कौतुकासाठी नव्हे, तर पुनर्लेखनात तेच कापले जाऊ नये म्हणून.

रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. केवळ शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांची सुधारली नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी म्हणजे शाळकरी मुले नव्हेत, हे मान्य. तरीही गुण दिसताच वाचन थांबते, याला बहुतेक शिक्षक दुजोरा देतील. शेरा द्यावयाचा तर तो कच्च्या मसुद्यावर, गुणांच्या आधी दिला पाहिजे.

पण तो लिहिणार कोण? तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मानधन मिळते ते वर्गातील तासांचे, घरी नेलेल्या साठ निबंधांचे नव्हे. प्रत्येकी दहा मिनिटे धरली तरी दहा तास होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा पुरस्कार केला. त्याचा भार अशा अध्यापकाने पदरमोड करून वाहावा, ही अपेक्षा न्याय्य नाही. हे तास कार्यभारात धरून त्यांचे मानधन द्यावे. तोपर्यंत निदान सत्रात चार निबंधांऐवजी एकच घ्यावा आणि तो दोनदा लिहून घ्यावा.