राजीनाम्याचा सत्कार आणि अंगणवाडीचे मानधन

जळगावच्या रिंग रोडच्या आसपास किंवा धुळ्याच्या देवपुरात नव्या वसाहतींतून फेरी मारली, तर बंगल्यांच्या तळमजल्यावर रंगीत चित्रांच्या भिंती आणि इंग्रजी नावांच्या पाट्या ठिकठिकाणी दिसतात. दोन-तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले तेथे सकाळी रिक्षांतून उतरतात. या बालकेंद्रांपैकी काहींच्या मागे एक ठरावीक कथा असते. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या कंपनीत दहा-बारा वर्षे नोकरी केलेले दांपत्य गावी परत येते, साठविलेला पैसा घालते आणि घरच्या माणसांच्या बळावर शिशुशाळा काढते. स्थानिक वृत्तपत्रांत त्यांचा फोटो येतो. एखाद्या मंडळाच्या वार्षिक समारंभात शाल-श्रीफळ दिले जाते आणि वक्ता हमखास सांगतो की, या दोघांनी गलेलठ्ठ पगारावर लाथ मारून बालकांच्या सेवेचे व्रत घेतले आहे.

आक्षेप आहे तो या 'व्रता'च्या भाषेला. कंपनीची नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करणे हा प्रामाणिक मनुष्याचा प्रामाणिक निर्णय असू शकतो. महानगरातील बारा-बारा तासांची राबणूक, घराचे न फिटणारे हप्ते, गावी एकटे पडलेले आईवडील आणि स्वतःच्याच मुलाला पाळणाघरात टाकून दुसऱ्यांच्या नफ्यासाठी झिजण्याचा उबग, ही कारणे सबळ आहेत आणि त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु शुल्क घेऊन चालविलेल्या उद्योगाला त्याग म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. नोकरी सोडणे म्हणजे काय असते, हे खानदेशला कुणी नव्याने शिकवावे अशी स्थिती नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ पासून शिक्षक होते. १९३० साली ती नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने लिहून घेणारे गुरुजी आणि पुढे याच भागातील शेतकरी-कामगारांसाठी झगडणारे गुरुजी एकच होत. त्या राजीनाम्यानंतर त्यांच्या नावाची पाटी कोणत्या बंगल्यावर लागली नाही.

त्याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला आणि त्यातूनच पुढे विप्रो ही संगणक-उद्योगातील बलाढ्य कंपनी वाढली, ही गोष्ट खानदेशात कौतुकाने सांगितली जाते. कौतुक करावे, पण त्यातला विरोधाभासही पाहावा. कंपनी येथे रुजली आणि तिच्या मोठ्या कचेऱ्या बंगळूर-पुण्यात उभ्या राहिल्या. येथल्या शिकलेल्या मुलांना तिकडे जाण्यावाचून मार्ग उरला नाही. जो परत येतो, त्याच्यासाठी येथे रोजगार नसतो, म्हणून तो शाळा काढतो. खानदेशातील औद्योगिक मागासलेपणाची ही एक बाजू आहे. सत्कार-समारंभात तिचा उल्लेख होत नाही.

आता या 'कौटुंबिक' केंद्राच्या आत डोकावू. सून वर्ग घेते. सासूबाई खाऊ करतात. सासरे फाटकाशी उभे राहून मुले मोजून घेतात. पती प्रवेश आणि हिशेब पाहतो. हे सारे अभिमानाने 'घरचेच' म्हणून सांगितले जाते. परंतु सुनेच्या नावावर दरमहा वेतन पडते काय, हे कुणी विचारीत नाही. कारण घरातल्या स्त्रीच्या श्रमाला वेतन असते, हेच आपल्या समाजाला अद्याप मान्य नाही. कंपनीत तिला स्वतःचा पगार होता, भविष्यनिर्वाह निधी होता, प्रसूतीची रजा होती. घरच्या केंद्रात तिच्या वाट्याला 'संचालिका' ही पदवी आली. मग घराबाहेरून घेतलेली मदतनीस ताई येते. मुलांचे नाक पुसणे, त्यांना शौचास नेणे, झोपविणे ही सारी कामे तीच करते. शुल्काचा तक्ता भिंतीवर असतो; तिच्या पगाराचा तक्ता कोठेच नसतो.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे, अन्यथा टीका आंधळी होईल. यांतील चांगल्या केंद्रांत मुलाला नावाने हाक मारणारे कुणीतरी असते. वाळू, पाणी, मणी, ठोकळे हाताळायला मिळतात. मूल रडले तर त्याला उचलून घ्यायला मोकळे हात असतात. ज्या पालकाने गळके छप्पर आणि कुलूप लागलेली अंगणवाडी पाहिली आहे, तो पोटाला चिमटा काढून हे शुल्क भरतो, यात त्याचे काय चुकले? त्याला इंग्रजीचा सोस लागला आहे अशी हेटाळणी करणे सोपे आहे. पक्षाच्या सभेत शेजारशाळेवर भाषण करणारे किती जण सकाळी आपल्या नातवंडाला याच केंद्रांच्या फाटकाशी सोडून येतात, याचीही एकदा मोजदाद व्हावी.

रोष त्या दांपत्यावर असण्याचे कारण नाही. तो असला पाहिजे सहा वर्षांखालील मुलाला बाजारात सोडून देणाऱ्या राज्यव्यवस्थेवर. मूळ संविधानाच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगितले होते. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. शिक्षण मूलभूत हक्क झाल्याचा गाजावाजा झाला. परंतु तो हक्क ६ ते १४ वयापुरताच. सहा वर्षांखालील मूल त्यातून गाळले गेले आणि बदललेल्या ४५ व्या कलमात, राज्य त्याच्या संगोपनाचा व शिक्षणाचा प्रयत्न करील, एवढ्या गुळगुळीत वाक्यावर त्याची बोळवण झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ११ वे कलमही तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन 'व्यवस्था करू शकेल' असे म्हणते. करील असे म्हणत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि २०३० पर्यंत सर्वांना पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याचे उद्दिष्ट घोषित केले. पण कायद्यातले ते 'शकेल' तसेच राहिले. या एका शब्दाच्या फटीतून रंगीत भिंतींचा सारा व्यापार आत आला आहे.

फटीच्या दुसऱ्या बाजूला कोण आहे? जळगावच्या डाळमिलमध्ये धूळ खात डाळ निवडणारी बाई आहे. दोंडाईच्याला मिरचीचे देठ खुडणारी आहे. संध्याकाळी त्याच झोंबणाऱ्या हातांनी तिला मुलाला घ्यावे लागते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत रोजंदारीवर जाणारी आहे. साक्री-चाळीसगावकडून उसाच्या तोडीला निघालेल्या जोडप्याचे पोर तर वर्षातले कित्येक महिने कोणत्याच गावाच्या पटावर नसते. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघराची तरतूद होती. लहान कारखाने आणि शेत त्या आकड्याच्या बाहेरच राहिले. या बायकांच्या मुलांसाठी उरते ती अंगणवाडी.

अंगणवाडी ही कल्पना कुठून आली, हे सांगण्याची गरज पडावी हेच दुर्दैव. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. ती प्रतिष्ठेची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या कामात सामील झाल्या. गिजुभाई स्वतः वकिली सोडून आलेले. त्यांचे बालमंदिर १९२० चे. दोघांनीही मोठ्या मिळकतीची वाट सोडली, हे आजच्या सत्कारमूर्तींशी त्यांचे साम्य. फरक पुढच्या वाटचालीत आहे. ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले, नाव मिळविले, आणि मग १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत गेल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत हलले. तेथे मुले बालवाडीत येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळीत होते, कुणी गुरे राखीत होते. मध्यमवर्गीय मनाने येथे पालकांच्या अज्ञानाला दोष दिला असता. या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली. गुराख्यांच्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागड्या साधनांच्या ऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले वापरले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. आज खानदेशच्या पाट्यांवर ज्यांचे नाव मिरविले जाते त्या माँटेसोरीबाईंचे पहिले बालगृहही १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीतच निघाले होते. दिवसा आईबाप कामावर गेलेल्या पोरांसाठी ते होते. ते नाव आता श्रीमंत वस्तीतल्या शुल्काचे समर्थन करायला वापरले जाते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेच्या माथी बसल्या. तिच्या पगाराला 'मानधन' म्हणायचे ठरले, म्हणजे ती कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका! केंद्राने २०१८ साली तिच्यासाठी दरमहा ४,५०० आणि मदतनिसेसाठी २,२५० रुपये ठरविले. राज्याची भर धरून मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकेचे मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसेचे ४,४२५ वरून ५,५०० झाले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला राज्यभरातील सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि पन्नास दिवस उलटेपर्यंत हटल्या नाहीत. पुढे आणखी थोडी वाढ पदरात पडली. वेतनश्रेणी मात्र नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा हक्क असल्याचे सांगितले आणि त्या कायद्याने सोपविलेले काम करतात, हेही नोंदविले. शासनाला हे ऐकू यायला न्यायालय आणि संप दोन्ही लागतात.

या सेविकेने मुलांना गाणी शिकवायची, की वजने घेऊन मोबाईलवर माहिती भरायची? नोंद राहिली तर नोटीस येते. गाणे राहिले तर कुणी विचारीत नाही. तरीही तिच्याकडे एक गोष्ट आहे जी रंगीत भिंतींच्या केंद्राकडे नाही. ती त्या मुलाशी अहिराणीत बोलते, शिरपूरच्या पाड्यावर पावरीत बोलते. बहिणाबाईंच्या आसोद्यापासून हाकेच्या अंतरावर तीन वर्षांच्या पोराला घरची बोली तोंडातून काढल्याबद्दल टोकले जावे, आणि त्याला शिक्षण म्हणावे, हा प्रकार पाहून ज्यांना राग येत नाही त्यांनी निदान शिक्षणावर बोलू नये.

मग त्या दांपत्याने केंद्र बंद करावे काय? मुळीच नाही. त्यांनी ते उघडपणे धंदा म्हणून चालवावे, मदतनीस ताईला किमान वेतन द्यावे आणि सुनेच्या नावाने वेतनाची नोंद करावी. त्यांच्याकडे कौशल्य आहे. ते त्यांनी शेजारच्या अंगणवाडीच्या सेविकेबरोबर वाटून घ्यावे. परंतु धोरणाची आशा त्यांच्यावर ठेवणे हा भाबडेपणा होईल. तीन ते सहा वयाचा हक्क कायद्यात यावा, सेविकेला पूर्वप्राथमिक शिक्षिकेचा दर्जा व वेतनश्रेणी मिळावी, आहाराचे आणि नोंदींचे काम वेगळ्या व्यक्तीकडे जावे, या मागण्या चळवळीनेच लढविल्या पाहिजेत. सेविकांच्या संघटना त्या लढवीत आहेतच. त्यांच्या मोर्च्यात पालक किती असतात, हा प्रश्न मात्र अवघड आहे.

प्रारंभ जवळूनच करता येईल. डाळमिलची पाळी सकाळी भरते आणि संध्याकाळी सुटते. अंगणवाडी मात्र काही तासांतच बंद होते. मधल्या वेळात ते मूल कुणाजवळ असते, हा प्रश्न जळगाव आणि धुळ्याच्या महानगरपालिकांत आणि जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांत पुढच्याच बैठकीला लेखी दाखल झाला पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत दर बैठकीला पुन्हा विचारला गेला पाहिजे.