मुंबईचे मेटल मरू द्यायचे?

साहिल मखिजा या मुंबईकर तरुणाने 2000 साली ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा मेटल बँड उभा केला. 2010 मध्ये हा बँड नॉर्वेतल्या इन्फर्नो महोत्सवात वाजला आणि त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार त्याला मिळाला. 2017 मध्ये त्याने ‘दशावतार’ हा अल्बम काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचे एक गाणे. भाषा इंग्रजी, कथा आपल्या. कोकणात देवळापुढे रात्रभर रंगणाऱ्या दशावताराचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्याच अवतारांना मुंबईच्या तरुणांनी दिलेला हा आवाज मराठी घरांत किती जणांनी ऐकला?

‘नुसता गोंगाट’ म्हणून हे संगीत बाजूला सारणाऱ्यांनी एकदा तरी ते शांतपणे ऐकावे. दोन्ही पायांनी अखंड धावणारा बेस ड्रम, मध्येच कूस बदलणारी लय, गिटारच्या भिंतीमागे कीबोर्डने रचलेले वाद्यवृंदासारखे थर आणि त्यावर पोटातून उमटणारी गुरगुर. घसा न फाडता तासभर असे गाणे वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय जमत नाही. नरसिंहाचा क्रोध सांगायला याहून योग्य आवाज आम्हाला तरी सुचत नाही.

हे संगीत आटते आहे, आणि त्याचे मोठे कारण जागेचे आहे. धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव भरत असे. कॉलेजची पोरे लोकलने येत आणि आपल्यासारख्याच पोरांना मंचावर पाहून घरी जाऊन गिटार हाती घेत. शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी अशा ठिकाणांभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि उघड्यावरचे रंगभवन मुके झाले. रुग्णांच्या शांततेबद्दल वाद नाही. प्रश्न असा की, त्या बदल्यात परवडणारे बंदिस्त सभागृह या शहराने तरुणांना कुठे दिले? रंगभवनाच्या जागी मराठी भाषा भवन उभारायचे ठरले होते, पुढे तेही चर्नी रोडकडे गेले. जागा सरकारची, तिच्यावर योजनाही झाल्या, आवाज मात्र परतला नाही.

उरले ते बार आणि क्लब. तिथे गणित दारूच्या विक्रीवर बसते. मेटलचा श्रोता बहुधा विद्यार्थी, त्याच्या खिशावर तो धंदा चालत नाही. लोअर परळचा ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीत क्लबही 2016 मध्ये बंद झाला. तरुणांचा कान रॅपकडे वळला, याची तक्रार नाही, आवडी बदलतातच. पण मखिजा यांनी बँडबरोबर स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, इतरांचे अल्बम प्रसिद्ध केले, आणि आज जगभरचे असंख्य लोक त्यांना ओळखतात ते केटो आहाराच्या पाककृतींच्या यूट्यूब वाहिनीमुळे. त्या वाहिनीचे यश त्यांच्या कष्टाचे आहे. संगीताला तेवढे ऐकणारे मिळाले नाहीत, हे अपयश या शहराचे.

‘भयानक मौत’ हा मुंबईचाच दुसरा बँड. त्याच्यासारख्या कितीतरी बँडचे सुरुवातीचे काम घरगुती सीडींवर आहे, आणि सीडी खराब होतात. पोस्टर, तिकिटे, कार्यक्रमांचे चित्रण लोकांच्या कपाटांत पडून आहे. मुंबईच्या संगीताचा इतिहास लिहायला कोणी बसेल, तेव्हा हे प्रकरण कोरे निघण्याची भीती खरी आहे.

सरकारला आमचे सांगणे आहे: रंगभवनाच्या जागी ध्वनिरोधक सभागृह बांधा. ते होईपर्यंत पु. ल. देशपांडे कला अकादमीत वर्षातले काही दिवस स्वतःची गाणी रचणाऱ्या बँडना माफक भाड्यात द्या. मुंबई विद्यापीठाने ही ध्वनिमुद्रणे गोळा करून जपावीत. हे संगीत वाजवणारे आज हयात आहेत, आठवणी ताज्या आहेत. आणि वाचकहो, या आठवड्यात ‘दशावतार’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. आवडला, तर विकत घ्या.