सुगंधाचा विटाळ

आमच्या अंगाला वास येतो हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं. मेलेलं ढोर ओढणाऱ्याला वास येणारच. ढोर कुणाच्या गोठ्यात मेलं हे मात्र कुणी विचारलं नाही. वास आमचा, ढोर त्यांचं. आता मी उलटं बोलतो. तुमच्या सुगंधानं मला श्वास घेता येत नाही. नाक मुरडायची पाळी आता माझी आहे, आणि मी ते मुरडणार.

मी उमरग्याचा. मुंबई-हैदराबाद हायवेवरचं गाव. इकडं सोलापूर, तिकडं दोन पावलांवर कर्नाटक. धंदा केस कापायचा. जातीनं न्हावी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण खुर्चीत बसलेला माणूस आरशातून पहिल्यांदा तेच विचारतो : ‘आडनाव काय म्हणालात?’ आडनाव कळलं की काही जण दाढी अर्धी झालेली असताना गप्प होतात. वस्तरा गळ्यावर असतो म्हणून बोलत नाहीत, एवढंच.

माझ्या आज्याचे केस आजी कापायची. गोधडीची चिंध्या कापायची कात्री, तीच डोक्याला. गावातला न्हावी म्हशी भादरायचा पण आज्याला हात लावत नव्हता. साताऱ्यात बाबासाहेबांचे आणि भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. सुभेदाराच्या घरात न्हाव्याला द्यायला पैसे नव्हते असं नाही. न्हावी घ्यायला तयार नव्हता. पण या न्हाव्यावर सगळं ढकलून मोकळं होणाऱ्यातला मी नाही. तोही बलुतेदार, आम्हीही बलुतेदार. आमचं डोकं भादरलं असतं तर पाटलाच्या वाड्यातलं त्याचं बलुतं दुसऱ्या दिवशी बंद झालं असतं. आणि याच न्हाव्यांनी 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं सभा भरवली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही म्हणून ठरवलं. बामणाच्या धर्माला नकार देणारं हत्यार म्हणजे वस्तरा. मला या धंद्याचा अभिमान आहे. कुणी दिला नाही म्हणून तो घेतलेला धंदा आहे.

बारावीनंतर पुण्याला गेलो, कोर्स केला, एका मोठ्या सलूनमध्ये लागलो. काचेचा दरवाजा, आत एसी, आत शिरलं की असा घमघमाट की जत्रेतला अत्तरवाला लाजावा. मला वाटलं, हिशेब चुकता झाला. ज्या नातवाच्या आज्याला सावली पाडायची बंदी, तो आता मोठमोठ्या घरच्या पोरींच्या केसांत बोटं घालतोय आणि त्या डोळे मिटून बसल्यात. आहा! क्रांती!

क्रांतीला दीड वर्षात खाज सुटली. आधी बोटांच्या बेचक्यात. मग कातडं फाटलं, पाणी सुटलं, मुठी वळेनात. मेडिकलवाल्यानं तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब दिली. लावली की बरं, सोडली की दुप्पट. दिवसाला पंधरा-वीस डोकी शाम्पूनं धुवायची, त्याच ओल्या हातांनी डाय कालवायचा. पुढं नाक गळायला लागलं. ब्लीचची पावडर वाडग्यात टाकली की घशात काटे. मजा अशी की दम दुकानात लागायचा नाही. रात्री खोलीवर आल्यावर, दोन वाजता, छातीत शिट्टी वाजायची. मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, ‘नाटकं करू नको. धंदाच असा आहे. तुझ्याच नाकाला काय सोनं लागलंय?’

नाकाला सोनं लागलेलं नव्हतं. पण त्या दुकानात काम करणाऱ्या आठ जणांत तिघांचे हात माझ्यासारखे होते. लेडीज सेक्शनमधली एक पोरगी केराटिन करताना तोंडावर ओढणी बांधायची. गिऱ्हाइकाला बरं दिसत नाही म्हणून तिला ओढणी काढायला लावली.

हे काय प्रकरण आहे ते मी नंतर वाचून काढलं. शिकलो कशाला मग? केस काळे करणाऱ्या बहुतेक डायमध्ये पॅराफिनिलिनडायअमीन नावाचं द्रव्य असतं, थोडक्यात पीपीडी. त्याचा कण इतका बारीक की सरळ कातडीत उतरतो. शरीर त्याला एकदा शत्रू म्हणून ओळखतं आणि ती ओळख मरेपर्यंत विसरत नाही. मग डायचा थेंब पुरतो. एवढंच नाही, काही सल्फाची औषधं, काही कपड्यांचे रंग, बधिर करायची काही मलमं, त्यांच्याशीही शरीर भांडायला लागतं. लग्नात हातावर काढतात ती ‘काळी मेहंदी’, तिच्यातही बऱ्याचदा हेच. ब्लीचच्या पावडरीत परसल्फेट असतं. त्यानं दमा होतो, आणि तो असाच उशिरा, घरी गेल्यावर धरतो, म्हणून दुकानाचं नाव येत नाही. खुनी पळून गेल्यावर मयत सापडावं तसं.

आणि सुगंध? बाटलीच्या मागं बघा. सगळ्या रसायनांच्या रांगेत शेवटी एक गोंडस शब्द असतो, ‘परफ्यूम’. या एका शब्दाखाली कितीही द्रव्यं लपतात. युरोपनं 2003 साली कायदा करून त्यातल्या 26 द्रव्यांची नावं वेगळी छापायला लावली, कारण कातडी बिघडवण्यात ती पुढं होती. आमच्याकडं एकच शब्द. नाव लपवून राहायची सवय आम्हाला होती, भाड्यानं खोली मिळावी म्हणून. आता रसायनांनीही आडनाव लपवायला सुरुवात केलीय.

सगळ्यात भारी गोष्ट लेबलाची. पीपीडीच्या डायवर आपल्या देशात इशारा छापायची सक्ती आहे, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही : काहींच्या कातडीला त्रास होऊ शकतो, कानामागं थोडं लावून चोवीस तास थांबा, भुवयांना लावू नका, आंधळे व्हाल. छान. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा डाय लावतं. त्याला इशारा. आणि जो रोज दहा डोक्यांना लावतो त्याला? त्याच्यासाठी एक ओळ नाही. तो त्या कागदावर माणूस म्हणून नाहीच. पुस्तकात पंगतीचं वर्णन असतं, पत्रावळ्या उचलणाऱ्याचं नसतं, तसं.

2010 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंडच्या एका सलूनमधल्या कारागिरांनी तक्रार केली. केस सरळ करायच्या औषधानं नाकातून रक्त येतं, डोळे जळतात, दम लागतो. सरकारी खात्यानं बाटल्या तपासल्या. बाटलीवर लिहिलेलं ‘फॉर्मल्डिहाइड नाही’. आत निघालं सरासरी आठ टक्क्यांच्या वर! फॉर्मल्डिहाइड म्हणजे काय ते आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. मेडिकल कॉलेजात मढं ज्यात बुडवून ठेवतात ते फॉर्मलिन म्हणजे त्याचंच पाणी. माझ्या आज्याला मेलेल्या ढोराचा वास सोसावा लागला. मला मढ्याच्या औषधाचा वास सोसावा लागतो, वरून चाफ्याचा सेंट मारलेला. आणि प्रगती झाली म्हणतात.

ज्या साली किल्लारी-सास्तूर जमीनदोस्त झालं त्या 1993 सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं केस कापणाऱ्या-रंगवणाऱ्यांच्या धंद्यावर ‘बहुधा कर्करोगकारक’ असा शिक्का मारला. 2010 साली पुन्हा तपासून तोच ठेवला. तीस वर्षं झाली. उमरग्यात कुणा कारागिराच्या कानावर आलं? मला इंटरनेटवर भेटलं म्हणून.

कायदा? कायदा आहे की! 1923 च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्यामुळं होणारा दमा होता, रसायनानं होणारे कातडीचे रोगही होते. तशी यादी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेलाही जोडली. पण भरपाई मागायला कागद लागतो. कागदावर डॉक्टरनं लिहावं लागतं की रोग धंद्यातून आला. सोलापूरला एका डॉक्टरनं माझ्या कागदावर ‘खाज’ एवढंच लिहिलं. ईएसआयची सक्ती सुरू होते दहा माणसांपासून. दोन खुर्च्यांच्या गाळ्यात दहा माणसं कुठून आणू, भिंतीवरचे फोटो मोजू? 2017 च्या दुकान कायद्यानं दहाच्या आतल्यांना नोंदणीतूनच सोडून दिलं. आम्हाला सोडून देण्यात हा देश फार तरबेज आहे.

आता एक अडचणीची गोष्ट, लपवणार नाही. डायची ॲलर्जी पाठीवर पट्ट्या चिकटवून सिद्ध करता येते, तिला पॅच टेस्ट म्हणतात. पण नुसत्या सेंटच्या वासानं डोकं गरगरणं, छाती आवळणं, पुढं पुढं फिनाईल, डिझेल, उदबत्ती काहीच न सोसणं, हे प्रत्येकाच्या टेस्टमध्ये येत नाही. डॉक्टरांतच यावर भांडणं आहेत, काही म्हणतात हे मनाचं. असेल बुवा. पण अंगावर वळ उठला तर गुन्हा आणि शिवी दिली तर साक्षीदार आणा, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. मोजता येत नाही ते घडलंच नाही, असं म्हणणाऱ्याच्या हातात मोजपट्टी कुणी दिली, ते बघा.

आणि दोस्तहो, आता तुमच्याकडं वळतो. चळवळीतल्या तुमच्याकडं. माझे हात बघून दोन प्रकारचे सल्ले मिळाले. पहिला, ‘धंदा बदल.’ अरे वा! जातीनं लादलेला धंदा सोडायला निघालो तेव्हा गाव म्हणालं, सोडता येणार नाही. मनानं घेतलेला धंदा आजारी पाडतो म्हटल्यावर तुम्ही म्हणता, सोड. म्हणजे दोन्ही वेळा धंदा तसाच राहणार, माणूस हलणार. खाणीत बाई मेली तर खाण दुरुस्त करा म्हणून मोर्चा काढणारे तुम्ही, माझ्या गाळ्याला एक एक्झॉस्ट पंखा मागताना तुमची जीभ का अडखळते? दुसरा सल्ला, ‘हे शहरी लाडाचे आजार आहेत, आपल्याला अत्याचाराचे प्रश्न पडलेत.’ फाटलेल्या हातांनी भाकरी थापता येत नाही, पोराला उचलता येत नाही, हा लाड?

आणि तुम्ही येता मीटिंगला, डिओनं न्हाऊन. मला कळतं कामून ते. वर्गात बाकावरून सरकून बसणारी पोरं तुम्हाला आठवतात. मीही मारलाय, शर्टाच्या कॉलरला, काखेत, एका मुलाखतीआधी तर अर्धी बाटली. ज्यांनी आपल्याला घाण ठरवलं त्यांच्या नाकाला पास होण्यासाठी आपण हे विकत घेतो. कंपनीला माहीत आहे की लाजेला मरण नाही, म्हणून ती लाज पुड्यांत भरून पाच रुपयाला विकते. तुम्ही अंघोळ केलेली आहे. तेवढं पुरतं. बाकीचा वास त्यांच्या डोक्यात आहे, तो सेंटनं जात नाही.

दोन वर्षांपूर्वी उमरग्याला परत आलो. छोटा गाळा घेतला. एसी नाही, दोन्ही बाजूंना खिडक्या, वर पंखा बाहेर हवा फेकणारा. नायट्राईलचे हातमोजे, एकदा घातले की फेकायचे. रबराच्या मोज्यांची पण मला ॲलर्जी निघाली, हेही सोसलं. ब्लीच वाडग्यात लांबून, हळू, खिडकीपाशी. केराटिन बंद. दाढीनंतर तुरटी. डाय लावायचा तर आदल्या दिवशी कानामागं ठिपका लावायला या. यावर गिऱ्हाईक हसतं : ‘डोस्क्याला काळं करायला दोन हेलपाटे व्हय?’ काही परत येत नाहीत. धंदा निम्म्यावर आहे, खोटं कशाला सांगू.

परवा लग्नसराईत एक नवरदेव आला, सोबत चार मित्र, हातात स्प्रेचा डबा. कटिंग झाल्यावर म्हणाला, मार की गा सगळ्या अंगाला, पाहुणे आल्यात. मी म्हणालो, बाहेर रस्त्यावर जाऊन मारा. तो बघत राहिला. विचारलं, कशाला बरं? मी मोजा काढून हात पुढं केला. त्यानं हात बघितला, डबा मित्राकडं दिला, आणि आरशात मान वळवून म्हणाला, ‘बरं, मिशी तेवढी सारखी कर.’