पाळी सुटल्यावरचे भजन

तुकोबांच्या मागे उभे राहून धृपद धरणाऱ्या चौदा टाळकऱ्यांची नावे जुन्या वारकऱ्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्या गावांकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. संताजी जगनाडे चाकणचे. मल्हारपंत कुलकर्णी चिखलीचे. मालजी गाडे येलवाडीचे, गवारशेठ वाणी सुदुंबऱ्याचे, गंगाराम मवाळ कडूसचे, शिवबा कासार लोहगावचे. यांतली बहुतेक गावे नकाशावर एकेक करून जोडत गेले की निगडीपासून चाकणपर्यंतचा आजचा कारखान्यांचा पट्टाच समोर उभा राहतो. संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे आणि त्या भागातल्या तळेगाव-चाकण रस्त्यावर आता दिवसरात्र कंटेनरची रांग असते.

या पट्ट्याचा इतिहास लिहिताना आपण बहुधा 1954 साली पिंपरीत आलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून सुरुवात करतो. मग 1 ऑगस्ट 1962 ला एमआयडीसी, त्या दशकात टेल्को आणि बजाज, 1970 ची नगरपालिका, 1972 चे नवनगर विकास प्राधिकरण आणि 11 ऑक्टोबर 1982 ची महानगरपालिका. हा क्रम बरोबरच आहे. पण माणसे दिवसभर राबतात आणि संध्याकाळी एकत्र बसून गातात, ही इथली रीत पहिल्या चिमणीच्या तीनशे वर्षे आधीची आहे. संताजी घाण्यावर तेल काढत. शिवबा कासार आपल्या धंद्यात, गवारशेठ वाणी आपल्या दुकानात. स्वतः तुकोबांचे वाण्याचे दुकान होते. दरबारी आश्रय नाही, गाणे हा धंदा नाही. दिवसाचे काम उरकून आलेल्या माणसांचे ते गाणे होते. म्हणून दुसरी पाळी करून आलेला एखादा फिटर रविवारी सकाळी गळ्यात टाळ अडकवतो, तेव्हा तो गावाकडचा जुना छंद शहरात कसाबसा जपतो आहे असे मला वाटत नाही. या मातीतली एक फार जुनी गोष्ट तो पुढे चालवतो आहे.

प्राधिकरण स्थापन झाले ते 1972 साल दुष्काळाचेही होते. त्या वर्षांत मराठवाड्यातून, सोलापूर-सांगली-साताऱ्याच्या कोरड्या तालुक्यांतून माणसे इकडे आली. खानदेश, विदर्भ, कोकण यांची भर पुढे पडत गेली. येताना प्रत्येकाने आपली चाल आणली. घाटावरच्या माणसाला पखवाज, वीणा आणि जड टाळ लागतात. विदर्भातला माणूस तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनावर वाढलेला असतो. कोकणी माणसाला दोन बुवांची डबलबारी हवी असते. एकाने टाकलेला सवाल दुसऱ्याने गाण्यातच फेडला पाहिजे. एकच अभंग चार जिल्ह्यांच्या चार चालींत एकाच गल्लीत ऐकू यावा, हे कोणत्याही एका खेड्यात कधी घडले नव्हते. ते कामगार वस्तीत घडले.

आणि नुसते भजनच नव्हे. 25 डिसेंबर 1954 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. निगडीहून हे ठिकाण अगदी जवळ. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि देहूरोडचा विहार एकाच वर्षातले आहेत, हे आपल्या शाळांत सांगितले जावे असे मला मनापासून वाटते. त्या विहाराभोवती आणि पुढे सगळ्या कामगार वस्त्यांत गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. पेटी, ढोलकी, कोरस आणि वामनदादा कर्डकांची गाणी. वारकरी फडावर आणि गायन पार्टीच्या मंचावर गाणारे आपापल्या श्रद्धेने वेगळे असतील. पण दोघेही सकाळी एकाच कंपनीच्या बसची वाट पाहत उभे असतात.

अशा गाणाऱ्या कामगाराचा आठवडा कसा जातो? पाळ्या बदलत राहतात, त्यामुळे कॅलेंडरवर त्याच्या दोन खुणा असतात: पाळीची आणि एकादशीची. यमुनानगरात, ओटा स्कीममध्ये, प्राधिकरणाच्या पेठांत मंडळे बसतात ती गुरुवारी किंवा एकादशीला, कुठे रोज संध्याकाळी हरिपाठाला. दुपारी फोनवर पहिला प्रश्न असतो, आज पखवाजी कोण? तो दुसऱ्या पाळीवर असेल तर रात्री साडेअकराशिवाय मोकळा होत नाही. म्हणून जुनी मंडळे दोन पखवाजी तयार ठेवतात आणि एक पोरगा शिकाऊ. बैठकीच्या आधी कोणाच्या तरी घरून कणकेचा गोळा येतो, धुमेला लावला जातो, पेटीवाला पट्टी देतो आणि जयजय रामकृष्ण हरीचा गजर सुरू होतो. मग रूपाचा अभंग, मग ज्याची पाळी त्याचा अभंग, गौळण, शेवटी भैरवी. चक्री भजनात चाल एकाकडून दुसऱ्याकडे फिरत जाते. ज्याचा आवाज साधा आहे तोही आपला अभंग म्हणतो, बाकीचे धृपद उचलून त्याला सावरतात. भजनात नुसता श्रोता असा कोणी राहत नाही. दाराशी उभा असलेला माणूससुद्धा तिसऱ्या अभंगाला टाळी धरतो.

याच्याशी ताडून पाहण्याजोगा एक इतिहास सातासमुद्रापलीकडे आहे. अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताला तिकडचे लोक डोंगरातले, खेड्यातले संगीत मानतात. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि बास, ढोल-ताशा काही नाही. या संगीताला घडवणारा बिल मन्रो 1911 मध्ये केंटकीतल्या रोझीन या खेड्यात जन्मला. पण 1929 मध्ये तो भावांच्या मागोमाग शिकागोजवळच्या इंडियाना राज्यातल्या कारखानी पट्ट्यात आला आणि सिंक्लेअर कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपे धुऊ लागला. 1945 च्या अखेरीस त्याच्या मेळ्यात आलेल्या अर्ल स्क्रग्जने तीन बोटांच्या बँजोने या संगीताला आजचे रूप दिले. महायुद्धाच्या काळात तो उत्तर कॅरोलिनात शेल्बीच्या सूतगिरणीत काम करत होता. ऑस्बोर्न बंधूंचे कुटुंब केंटकीच्या डोंगरातून ओहायोतल्या डेटन या कारखान्यांच्या शहरात आले. डोंगराचे म्हणून ओळखले जाणारे हे संगीत कारखान्याच्या दाराशी पक्व झाले. गाव सुटलेल्या माणसांना एकमेकांच्या शेजारी राहावे लागले, एकमेकांची वाजवण्याची पद्धत उचलावी लागली, त्यातून ते तयार झाले. बँजोची जात तर मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची.

साठच्या दशकात रेडिओवर आणि तबकड्यांच्या बाजारात या संगीताला उतरती कळा लागली होती. तेव्हा ते तगले ते मोकळ्या मैदानांमुळे. 1965 मध्ये कार्लटन हेनीने व्हर्जिनियात फिनकॅसल इथे एकाहून अधिक दिवस चालणारा पहिला ब्लूग्रास महोत्सव भरवला. 1967 मध्ये मन्रोने इंडियानातल्या बीन ब्लॉसमला आपला महोत्सव सुरू केला आणि तो अजून भरतो. तिथे मंचावरच्या कार्यक्रमाइतकेच महत्त्व तंबूंच्या आणि उभ्या गाड्यांच्या मध्ये रात्रभर चालणाऱ्या वादनाला असते. अनोळखी माणसे वर्तुळ करून उभी राहतात, चाल प्रत्येकाकडे क्रमाने येते, नवख्याला सांभाळून घेतले जाते. आपल्याकडचे चक्री भजन ज्याने पाहिले आहे त्याला हे वर्तुळ नव्याने समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे या गोष्टीची दुसरी बाजू मुंबईने दाखवली आहे. गिरणगावात चाळीच्या तळमजल्यावर भजनी मंडळ, पटांगणात शक्ती-तुरा, मैदानावर शाहिरी अशी रेलचेल होती. 1944 च्या लाल बावटा कलापथकातून अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांचे आवाज साऱ्या महाराष्ट्रात गेले. यंत्रांच्या खडखडाटाने त्या गाण्याचे काही बिघडवले नाही. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद होत गेल्या आणि माणसे डोंबिवली, विरार, नाहीतर थेट गावाकडे पांगली. बुवा जिवंत होता, पेटी शाबूत होती, पण पखवाजी दोन लोकल बदलून येणारा झाला. गाणारी माणसे चालत येण्याच्या अंतरावर असतील तरच मंडळ चालते, हा गिरणगावचा धडा आहे. त्याच 1982 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका जन्माला आली. तो धडा सर्वांत आधी तिने वाचायला हवा होता.

कारण आज निगडी-चाकण पट्ट्यात नेमके हेच अंतर वाढते आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातला कामगार कायम असे. एका कंपनीत पंचवीस-तीस वर्षे, एका वस्तीत घर, मुलांची शाळा तिथेच. मंडळ बसायला, चाली जुळायला, एका बुवाच्या हाताखाली दुसरा तयार व्हायला इतका काळ लागतोच. चाकणला 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आगेमागे महिंद्र आणि इतर मोठ्या कंपन्या आल्या, पुरवठादारांचे शेकडो कारखाने आले. पण तिथे काम करणाऱ्या तरुणांतला मोठा हिस्सा कंत्राटी किंवा ट्रेनी आहे. तो कॉट बेसिसवर खोलीत राहतो, काही महिन्यांनी कंपनी बदलते, मग खोलीही बदलते. बसमध्ये त्याच्या कानात अभंग असतात, भीमगीते असतात. त्याला गाणे आवडत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळच्या पहिल्या बसमध्ये बसून पाहावे. त्याला हवा आहे तो पत्ता: कुठे जाऊन बसायचे?

महापालिकेने कलेसाठी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरला आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह, प्राधिकरणात ग. दि. माडगूळकर नाट्यगृह, एवढी सोय राज्यातल्या फार थोड्या शहरांत आहे. जानेवारी 2024 मध्ये शंभरावे नाट्यसंमेलन इथे झाले ते उगाच नव्हे. निगडीच्या चौकात शिवराय आणि तुकोबांच्या भेटीचे भक्ती-शक्ती शिल्प उभे आहे, शेजारी 107 मीटर उंच ध्वजस्तंभ आहे. हे सगळे असावे. पण बारा माणसांच्या मंडळाला हजार खुर्च्यांचे नाट्यगृह भाड्याने घेता येत नाही आणि त्याला ते नकोही असते. त्याला लागते सतरंजी मावेल एवढी खोली, चार खुंट्या, पखवाज आणि पेटी ठेवायला कुलपाचे कपाट. नव्या गृहसंकुलांत क्लब हाऊस आहे, व्यायामशाळा आहे. टाळांच्या आवाजाला मात्र तक्रार येते. आणि मंदिरांचे सभामंडप मोजकेच, तेही सगळ्या परंपरांना खुले असतातच असे नाही.

यावर उपाय महागडा नाही. महापालिकेच्या शाळा संध्याकाळनंतर रिकाम्या असतात. प्रत्येक प्रभागातल्या एका शाळेची एक खोली आठवड्यातून काही रात्री आठ ते दहा या वेळात भजनी मंडळांना, महिला मंडळांना आणि गायन पार्ट्यांना विनाशुल्क मिळावी, वाद्ये ठेवायला कपाट मिळावे. ध्वनिक्षेपक नको, त्यामुळे दहाच्या नियमाचा प्रश्नच येत नाही. शिकवणारे शोधायला दूर जावे लागणार नाही. आळंदीत जोग महाराजांनी 1917 मध्ये स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे, तिच्याभोवती गायन-पखवाज शिकणारी मुले आहेत. त्यांतल्या तयार मुलांना मानधन देऊन आठवड्याला एकदा इथे आणता येईल. गायन पार्ट्यांतल्या ज्येष्ठ ढोलकीवाल्यांनाही तसेच मानधन द्यावे. दुसऱ्या पाळीच्या कामगारांसाठी रविवारची सकाळ राखून ठेवावी. ही साधी गोष्ट आहे आणि नेमकी तीच कार्यक्रम आखणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न कामगारांना तरी विचारू नये. 1953 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळासाठी जून आणि डिसेंबरच्या पगारातून त्यांची वर्गणी कापली जाते. मंडळ भजनस्पर्धा, नाट्यमहोत्सव भरवते आणि त्यातून अनेक चांगले गळे पुढे आले आहेत. पण स्पर्धा वर्षातून एकदा येते आणि तालीम आठवड्याला लागते. मंडळाने आपल्या पैशाचा काही भाग या पट्ट्यात, विशेषतः चाकणकडच्या कंत्राटी कामगारांच्या वस्त्यांत, नियमित वर्गांवर खर्च करावा. कंपन्यांनीही सामाजिक निधीतून झाडे आणि बाके देताना एखाद्या वस्तीला चार पखवाज द्यावेत.

दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि निगडीवरून येत दुसऱ्या मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात थांबते. तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबांनी हा सोहळा 1685 मध्ये सुरू केला. त्या रात्री सगळे शहर रस्त्यावर असते, नेते असतात, कॅमेरे असतात. वर्षातल्या उरलेल्या रात्रींचे गाणे त्या गर्दीतल्याच माणसांच्या जिवावर चालते आणि ते चालवायला त्यांना जागा हवी आहे. येत्या अंदाजपत्रकात महापालिकेने ती द्यावी. आणि निगडी-आकुर्डीत, चिखलीत, चाकणमध्ये राहणाऱ्या वाचकांना विनंती: आपल्या वस्तीतले मंडळ कोणत्या वारी बसते ते विचारा आणि जाऊन बसा. गाता येत नसले तरी चालेल. कोणीतरी टाळ पुढे करेल, तो घ्या.